बोलावणं आलंय का?

मागच्या अंकात मी पश्चिम केनियातल्या एका मिशन हॉस्पिटलाबद्दल लिहिलं होतं. तिथे मी सेवेसाठी दोनदा, तीन-तीन आठवडे राहून आले. त्या लेखावर बरीच पत्रं आली, त्यातली सहा इथे घेतली आहेत. मी मिरजेत ३४ वर्षं नर्सिंग केलं, आता निवृत्त आहे. मी वकील नाही की सीए नाही. या वाटेवर मला जिथे ठेच लागली आणि नंतर ज्या गटांना मी मदत केली, त्यावरून सांगते.

मी २७ वर्षांची, मिरजेत स्टाफ नर्स आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतून सहा जणांचा गट जानेवारीत केनियातल्या किसुमूजवळच्या एका हॉस्पिटलात तीन आठवडे जाणार आहे. प्रत्येकाने १,६०,००० रुपये उभे करायचे आहेत. माझा पगार १८,०००. पप्पा म्हणतात, लोकांपुढे हात पसरून परदेशी जायची हौस कशाला? सिस्टर, मला हौस नाही, खरंच सेवा करायची आहे. सुरुवात कुठून करू? – एक भगिनी, मिरज

पोरी, पैशाचं नंतर बघू. आधी सांग, तुम्हाला बोलावलंय कोणी? तुझ्या पत्रात गट आहे, महिना आहे, रक्कम आहे. त्या हॉस्पिटलाने काय मागितलंय, ते कुठेच नाही.

२००९ साली आम्ही आठ जण गेलो होतो. तिथल्या मेट्रनने, म्हणजे मुख्य नर्सने, पत्रातून फक्त दोन सिस्टर मागितल्या होत्या, त्याही ऑपरेशन थिएटरचा अनुभव असलेल्या. उरलेले सहा आम्ही आपल्या उत्साहाने जोडले. त्या सहा जणांना काम काय द्यायचं, हा तिथल्या लोकांना रोजचा प्रश्न होऊन बसला. आमच्या जेवणासाठी स्वयंपाकीण पहाटे चारला उठायची. तिने कधी तोंड वाकडं केलं नाही, पण निघताना तिचे सुजलेले पाय मी पाहिले आणि ते आजही डोळ्यांसमोर येतात. २०१४ ला आम्ही दोघीच गेलो. तेव्हा कामही झालं आणि कुणावर भारही पडला नाही.

म्हणून तुमच्या पाळकसाहेबांना सांग, तिथून लेखी मागवून घ्या. किती माणसं हवीत, कोणत्या वॉर्डात, राहायची सोय काय, जेवणाखाण्याचे किती द्यायचे. ते पत्र हातात आलं की पुढच्या अर्ध्या गोष्टी सुटतात. तुला रुग्णाला हात लावायचा असेल तर केनियाच्या नर्सिंग कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते आणि ती त्या हॉस्पिटलामार्फतच होते. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाचं, प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू स्थितीत ठेव. २०२४ च्या जानेवारीपासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवाना सुरू केलाय. त्या अर्जात ‘पर्यटन’ लिहून शिरायचं आणि आत जाऊन वॉर्डात काम करायचं, असं करू नका. पगार नसला तरी ते कामच आहे. त्याचा वेगळा पास लागतो आणि तोही बोलावणाऱ्यानेच काढायचा असतो. पासपोर्टची मुदत केनियात पोचल्यापासून निदान सहा महिने शिल्लक हवी, हे आजच काढून बघ.

आता पप्पांचं. त्यांना चुकीचं समजू नकोस. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाचं देणं ठेवलं नाही, त्याला लेकीने पाकीट घेऊन दारोदार फिरणं बोचणारच. त्यांच्याजवळ बस आणि हॉस्पिटलाकडून आलेलं पत्र वाचून दाखव. मग तुझे स्वतःचे किती ते सांग. पहिली रक्कम तुझी हवी, मग ती १०,००० का असेना. आपला जिल्हा पूर्वी ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जायचा. साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी वसतिगृहातल्या पोरांसाठी घराघरातून मूठ-मूठ धान्य गोळा केलं, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच पोरांसाठी अंगावरचे दागिनेही मोडले. स्वतःच्या घरातून निघालं, की बाहेरचेही मूठ द्यायला पुढे येतात. पप्पांना हे वेगळं समजवावं लागणार नाही.

मागायचं कसं, तर पत्र लिहून. मोबाइलवर सगळ्यांना एकच संदेश पाठवलास तर लोक अंगठा दाखवतात आणि पुढे जातात. मी नर्सिंग स्कूलच्या माझ्या बॅचच्या आणि पुढच्या-मागच्या मुलींना ६२ पत्रं हाताने लिहिली. प्रत्येकीला तिच्या-माझ्या आठवणीतली एक ओळ, मग काम काय ते, मग एकूण खर्च किती, माझे किती, कमी किती पडतात. ४१ जणींची उत्तरं आली. काहींनी पैसे दिले नाहीत, पण रोज प्रार्थना करीन असं लिहिलं, आणि त्यांनी ती केली असणार याबद्दल मला शंका नाही. मंडळीत हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला, लिलाव होतो, त्यातला एक भाग गटासाठी मागता येतो. आमच्या महिला मंडळाने भडंग केलं, तासगावचा बेदाणा पाव-पाव किलोच्या पाकिटांत भरला आणि नाताळच्या फराळाबरोबर विकला. पाकिटामागे ४० रुपये सुटायचे. रक्कम मोठी नव्हती, पण त्या निमित्ताने ज्यांना मागायला मी लाजत होते, त्या बायका आपणहून विचारू लागल्या, की सिस्टर, अजून किती कमी आहेत?

गटाच्या पत्रकावर रडणाऱ्या काळ्या पोराचा फोटो छापू देऊ नकोस. उद्या कुणी मिरजेच्या वॉर्डातल्या तुझ्या पेशंटचा तसा फोटो काढून दुसऱ्या देशात पैसे मागितले, तर तुला कसं वाटेल? तिथले आईबापही आपल्या लेकराला नीट कपडे घालूनच फोटोला उभं करतात. फोटो छापायचाच तर तुमच्या सहा जणांचा छापा.

पैसे तुझ्या खात्यात घेऊ नकोस, हे मात्र घट्ट लक्षात ठेव. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली, की वरचीच नाही, सगळीच तुझ्या उत्पन्नात धरली जाते. सेवेला चाललेय म्हणून कुणी सोडत नाही. पैसे मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यात, पावतीने जाऊ देत. त्याआधी पाळकसाहेबांना आणि एका सीएला एका टेबलाशी बसवा. ट्रस्टने पैसा भारताबाहेर खर्च करण्याचे आयकराचे नियम वेगळे आणि कडक आहेत. शिवाय चर्चच्या ट्रस्टला ८०जी, म्हणजे देणगीवर करसवलत देणारी आयकराची मान्यता, असतेच असं नाही. नसेल तर देणगीदाराला करसवलतीचं आमिष दाखवू नका. असली तरी २,००० च्या वरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला कुणाचा मित्र ‘मी पाठवतो’ म्हणाला, तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसलेल्या ट्रस्टने ते पैसे घ्यायचे नाहीत. तो मराठी बोलतो म्हणून कायद्यात फरक पडत नाही.

आता जे सांगते ते मी फारशी कुणाला सांगितलेलं नाही. २००९ ला आमच्या वॉर्डातल्या मावशीने पदराची गाठ सोडून मला ५० रुपये दिले. मी वहीत तिचं नाव लिहिलं. परत आल्यावर मंडळीपुढे उभी राहून सगळा हिशोब वाचला, तिकीट इतकं, विमा इतका, शिल्लक ३,८४०. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मावशी म्हणाली, “सिस्टर, माझ्या पन्नासाचं काय झालं?” तिला भांडायचं नव्हतं. तिला खरंच ऐकायचं होतं. मी एकूण बेरीज सांगायला लागले आणि माझं मलाच कळलं, की हे तिचं उत्तर नाही. मी गप्प उभी राहिले. ती ट्रॉली घेऊन निघून गेली.

२०१४ ला मी वेगळी वही केली. प्रत्येक देणगीसमोर ती कशात गेली, ते लिहिलं. मावशीने त्या वेळी १०० दिले होते. परत आल्यावर तिला जाऊन सांगितलं, किसुमूच्या दुकानातून तुझ्या पैशाचे हातमोजे घेतले, जुळ्यांच्या एका बाळंतपणात ते वापरले, दोन्ही मुली आहेत. तिने ती गोष्ट पुढे कितीजणींना सांगितली असेल, गणती नाही. तू पहिल्या दिवसापासून अशी वही कर.

आमचा तरुणांचा गट आहे. विट्याच्या बाजारपेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरलो तर आठवड्यात रक्कम जमेल. चालेल ना? – एक युवक, विटा

परवानगीशिवाय चालणार नाही. गणपतीच्या मंडळांना वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढावी लागते, ते तुम्हाला ठाऊक असेल. ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली असते. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या कुणालाही तेच लागू आहे. नोंदणीकृत ट्रस्टच्या पावतीने घ्या, नाहीतर सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात आधी अर्ज करा. आणि दुकानदाराला धंद्याच्या वेळी चौघांनी घेरून उभं राहू नका. तो देईल, पण मनापासून नाही.

मी निवृत्त औषध विक्रेता आहे. ओळखीच्या डॉक्टरांकडून सॅम्पलच्या गोळ्या, सिरप असं दोन मोठ्या बॅगा भरून जमवलंय. पुढच्या गटाबरोबर पाठवू का? – एक ज्येष्ठ वाचक, सांगली

दादा, तुमचा हेतू मोठा आहे, पण नका पाठवू. आम्ही २००९ ला अगदी हेच केलं. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्याने बॅगा उघडल्या आणि विचारलं, यादी कुठे, परवाना कुठे? आमच्याकडे दोन्ही नव्हतं. बॅगा ठेवून घेतल्या. नंतर त्या सोडवण्यासाठी आणि शेवटी नष्ट करण्यासाठी हॉस्पिटलाच्या कारकुनाला खेटे घालावे लागले, खर्चही त्यांनाच पडला. त्यातल्या कित्येक पट्ट्यांची मुदत तीन महिन्यांत संपणार होती. खोकल्याच्या एका औषधात कोडीन, म्हणजे अफूच्या वर्गातलं द्रव्य, होतं. एवढ्यावरून मी अडकले असते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दानासाठी मार्गदर्शक तत्त्वं केली आहेत. घेणाऱ्याने मागितलेलंच पाठवायचं, पोचल्यावर निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, डॉक्टरांना मिळालेली फुकट सॅम्पलं आणि रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या पाठवायच्या नाहीत. हे नियम वाचले तेव्हा प्रत्येक ओळीला मला आमच्याच बॅगा आठवल्या.

तुम्ही सांगलीचे आहात म्हणून एक आठवण करून देते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. पाणी ओसरल्यावर बाहेरून किती जुने कपडे आले! शाळांच्या व्हरांड्यांत ढीग लागले, भिजले, कुजले, आणि ते उचलायचं काम पुन्हा पूरग्रस्तांवरच आलं. लोकांना हवे होते खराटे, फिनेल, बायकांसाठी पॅड, जनावरांसाठी कडबा. पाठवणाऱ्यांची माया खोटी नव्हती, पण विचारलं कुणी नव्हतं.

तुमचं ज्ञान मात्र पाठवा. गटाला औषधांची जेनेरिक नावं समजावून सांगा. हॉस्पिटलाने काही मागितलंच, तर त्याची किंमत इथे काय आणि किसुमूत काय, हे काढून द्या. बहुतेक वेळा तिथेच विकत घेणं सोपं पडतं आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा होतो. जाताना एक माणूस रोख ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेऊ शकतो. बाकीचे फॉरेक्स कार्डावर घाला.

आमच्या जतच्या पूर्वभागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडत नाही. तुम्हाला सेवा करायला आफ्रिकाच लागते का? – एक शिक्षक, जत

गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. राग खरा आहे आणि त्याला कारणही आहे.

माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सहा रविवार जतच्या किंवा आटपाडीच्या आरोग्य शिबिरात पाठवते. तिथे उन्हात रांग लावणं, रक्तदाब मोजणं, म्हाताऱ्या माणसाशी दमाने बोलणं हे ज्याला जमत नाही, त्याला मी केनियाला जा म्हणत नाही. निम्मे तिथेच गळतात. काहीजण तिथेच रमतात आणि परदेशाचं नाव काढत नाहीत, ते मला जास्त आवडतात.

पण ‘आपलं झाल्याशिवाय दुसऱ्याचं नाही’ हे मिरजेच्या माणसाला म्हणता येत नाही. विल्यम वॉनलेस नावाचा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ साली भारतात आला आणि १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. त्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या चर्चमधल्या लोकांनी पैसे दिले. त्यांच्या गावातही गरीब होतेच. त्यांनी तेव्हा थांबायचं ठरवलं असतं, तर आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरींच्या हातात ही सुई-सिरिंज आली नसती. मला कुणी काही फेडायला सांगितलेलं नाही, पण मनात ते असतं.

आणि तिथले लोक नुसतं घेणारे नाहीत. केनियात ‘हरांबे’ म्हणतात. त्याचा अर्थ सगळ्यांनी मिळून ओढायचं. स्वातंत्र्याच्या वेळी जोमो केन्याटांनी हा शब्द देशभर नेला, त्यांच्या राजचिन्हावरही तो आहे. गावात वर्गणी काढून शाळा बांधायची, पोराची फी भरायची, सगळं हरांबे करून. मी बसले होते एका हरांबेला, एका मुलाच्या फीसाठी. तीच सुजल्या पायांची स्वयंपाकीण उठली, नाव सांगितलं आणि वीस शिलिंग ठेवले. मावशीच्या पदराच्या गाठीपेक्षा ते वेगळे नव्हते.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. दवाखान्यात आलेल्या माणसाला औषधाच्या बदल्यात काही ऐकायला लावणं मला मान्य नाही, इथेही नाही आणि तिथेही नाही. प्रार्थना करावीशी वाटली तर मी ती ड्युटी संपल्यावर करते.

जतला तुमच्या शाळेत शिबिर घ्यायचं असेल तर संपादकांकडे कळवा. माझे रविवार मोकळे आहेत.

लेक नर्स आहे, गटाबरोबर चाललीय. मला रात्री झोप नाही. तिकडे ताप, रोगराई असते म्हणतात. – एक आई, सांगली

ताई, काळजी कामाला लावा, म्हणजे ती कमी होते. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी हवी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून धरतात. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. त्यासाठी पुण्या-मुंबईची फेरी धरा, आणि आधी फोन करून दिवस विचारा. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते हरवू देऊ नका, येतानाही आपल्या विमानतळावर बघतात. नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवतात. अंड्याची मोठी ॲलर्जी असेल किंवा ती गरोदर असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं. हिपॅटायटिस बी चे तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात, नर्सला ते हवेतच.

नैरोबी महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे, तिथे गार असतं. किसुमू मात्र व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर, आणि तिथला मलेरिया जिवावरचा असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर ठरवतील. डॉक्सिसायक्लिन दिली, तर परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, आणि घरी आल्यावर मुली नेमक्या तीच सोडतात. तुम्ही रोज विचारा. परतल्यावर पुढच्या काही महिन्यांत केव्हाही ताप आला, तर डॉक्टरांपुढे पहिलं वाक्य ‘ही आफ्रिकेहून आलीय’ हेच म्हणायचं.

त्या बाजूला एचआयव्हीचं प्रमाण जास्त आहे. सुई टोचली तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. पोचल्याच दिवशी ‘ते औषध कुठल्या कपाटात आहे?’ एवढं विचारून ठेव, असं तिला सांगा. विमा घेताना आजारपणात मायदेशी आणण्याचा खर्च त्यात आहे का, ते बघा.

जेवणाची चिंता नको. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी. मुगाला तिथे ‘न्देंगू’ म्हणतात, चपातीला चपातीच आणि चहाला चाय. औषधालासुद्धा ‘दावा’. पहिल्या दिवशी एका आजीने माझ्याकडे ‘दावा’ मागितली, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन आहे. माझा काही उपयोग? – एक वाचक, सातारा

माझ्यापेक्षा जास्त! २०१४ ला त्या हॉस्पिटलात दोन ऑटोक्लेव्ह, म्हणजे उपकरणं वाफेने निर्जंतुक करायची यंत्रं, बंद पडून होते. एकाचं नुसतं गॅस्केट गेलं होतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या जाळ्या धुळीने बुजल्या होत्या. दुरुस्त करणारा माणूस नव्हता म्हणून आम्ही उपकरणं स्टोव्हवर उकळत होतो.

पण तूही बोलावण्याशिवाय निघू नकोस. त्यांच्याकडून प्रत्येक बंद यंत्राचा फोटो आणि मॉडेल नंबर व्हॉट्सॲपवर मागव, सुटे भाग इथून शोधून ने. विजेचा दाब आणि फ्रिक्वेन्सी जवळजवळ आपल्यासारखीच, तिथे २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पिना मात्र चौकोनी, ब्रिटिश पद्धतीच्या, म्हणून अडॅप्टर लागतील. तिथला एखादा पोरगा सोबतीला मागून घे आणि पाना त्याच्याच हातात दे, तू बाजूला उभा राहून सांग. पाने-पक्कड चेक-इनच्या बॅगेत टाक. हातातल्या पिशवीत ठेवलेस तर मुंबईलाच काढून घेतील.